भाडं थकलं, नोटीस आली



खोलीचं भाडं चार-सहा महिने तुंबलं, की मालक दारात उभा राहून दम भरतो, "आठ दिवसांत जागा खाली करा, नाहीतर सामान रस्त्यावर!" भाडेकरूच्या पोटात गोळा येतो. कायद्याच्या लेखी या दमाला काडीची किंमत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १५ म्हणतं, थकबाकीसाठी ताबा मागायचा तर आधी लेखी मागणीची नोटीस बजावा. त्यानंतर ९० दिवस उलटल्याशिवाय दावाच लावता येत नाही. जुन्या, १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात ही मुदत महिन्याचीच होती.

नोटीस सहीनिशी हवी. ती पोस्टाने येईल, हातोहात येईल. घरच्या माणसाने घेतली तरी चालते. इथे काहीजण फार हुशारी करतात. पोस्टमन दिसला, की "ते गावाला गेलेत." पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा पडतो. मालकाचे वकील तेच न फोडलेलं पाकीट कोर्टापुढे ठेवतात आणि नोटीस बजावली गेली असं सहसा धरलं जातं. मिळवलं काय? आत किती रक्कम मागितली होती, तेही कळलं नाही!

खरं तर ही नोटीस मालकापेक्षा भाडेकरूच्याच उपयोगाची. नोटिशीनंतरच्या ९० दिवसांत बाकी चुकती केली, की दाव्याचं कारणच उरत नाही. मालक पैसे घेत नसेल तर मनीऑर्डर करा आणि पावती जपा. दावा लागलाच, तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी बाकी १५ टक्के सरळव्याजासह कोर्टात भरा, पुढचं भाडं निकालापर्यंत नियमित भरा, कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च द्या. मग थकबाकीपोटी घर जात नाही. मात्र एक हप्ता चुकवलात, तर ही सवलत हातची जाऊ शकते.

'लिव्ह अँड लायसन्स'वर राहणाऱ्यांनी यावर विसंबू नये. त्यांचे नियम वेगळे आहेत. आणि नोटीस दिली म्हणून मालकाला पाणी किंवा वीज तोडता येत नाही, तो स्वतंत्र गुन्हा आहे.

तेव्हा नोटीस आली तर घ्या, मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहा आणि भाडेपावत्या घेऊन त्याच आठवड्यात वकिलाकडे जा. ऐपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा.