पुराणमतवादाचे बळ कशात आहे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समाजवादी चळवळीत ‘पुराणमतवादी’ हा शब्द बहुधा शिवीसारखा वापरला जातो. शिवी दिली की विचार करण्याची गरज उरत नाही, आणि नेमकी तेथेच कार्यकर्त्याची फसगत होते. मतदानाचा हक्क कामगारापर्यंत पोचल्यावरही इंग्लंडातील हुजूर पक्षाने वारंवार सत्ता मिळविली. त्यामागे केवळ जमीनदारांचा पैसा होता असे मानणे म्हणजे स्वतःचीच समजूत घालून घेणे होय.

या विचाराचा आद्य प्रवक्ता एडमंड बर्क. फ्रेंच राज्यक्रांतीवरील त्याचा ग्रंथ 1790 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा राजाचा शिरच्छेद व्हायचा होता आणि दहशतीचे पर्वही सुरू झाले नव्हते. क्रांतीची परिणती अखेर एखाद्या लोकप्रिय सेनापतीच्या हुकमतीत होईल, असे त्याने तेव्हाच बजावले होते. 1799 साली नेपोलियनने सत्ता हाती घेतली. बर्क हा काही दरबारी भाट नव्हता. अमेरिकन वसाहतींची बाजू त्याने पार्लमेंटात मांडली होती, आणि हिंदुस्थानातील जुलमाबद्दल वॉरन हेस्टिंग्जवर 1788 पासून चाललेल्या महाभियोगाचा तो प्रमुख होता. हेस्टिंग्ज 1795 साली निर्दोष सुटला, हा भाग वेगळा.

बर्कच्या प्रतिपादनाचा गाभा असा : माणसाची बुद्धी तोकडी आहे आणि समाजरचना अतिशय गुंतागुंतीची. एका पिढीने कोऱ्या कागदावर नकाशा काढून समाज नव्याने उभारू म्हटले, तर जे मोडले जाईल त्याची किंमत तिला आधी कळणारच नाही. रूढी, संस्था आणि पूर्वग्रहसुद्धा यांत अनेक पिढ्यांचा अनुभव साठलेला असतो. समाज हा जिवंत माणसांचाच करार नव्हे. मेलेले आणि अजून न जन्मलेलेही त्यात भागीदार असतात. मालमत्ता, कुटुंब, धर्मसंस्था, अधिकारांची उतरंड यांविषयीचा पुराणमतवाद्यांचा आदर या एकाच मुळातून फुटतो. बदलाला मात्र बर्कचा सरसकट विरोध नव्हता. बदलण्याची सोयच नसलेले राज्य टिकूही शकत नाही, हे त्यानेच सांगितले. डागडुजी करा, घर पाडू नका, असा त्याचा आग्रह.

हे शहाणपण हुजूर पक्षाने चांगलेच पचविले. डिझरायलीने 1845 साली कादंबरी लिहून श्रीमंत आणि गरीब अशी दोन राष्ट्रे एकाच इंग्लंडात नांदत असल्याचे दाखविले. शहरी कामगारांच्या मोठ्या वर्गाला 1867 साली मताधिकार देणारा कायदा त्यानेच पार पाडला, आणि 1875 साली शांततामय निरोधन कायदेशीर झाले तेही त्याच्याच कारकिर्दीत. जर्मनीत बिस्मार्कने 1878 साली समाजवाद्यांवर बंदीचा कायदा लादला आणि 1883 ते 1889 या काळात आजार, अपघात व वार्धक्य यांचे विमे सुरू केले. एका हातात दंडुका, दुसऱ्या हातात विम्याचा कागद! तरीही कामगाराला मिळालेला विमा खोटा नव्हता, हे कबूल करावयास हवे. ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या विधेयकाविरुद्ध 1946 साली हुजूर पक्षाने मतदान केले. 1951 साली सत्तेवर आल्यावर त्याच पक्षाने ती सेवा चालू ठेवली.

मग या विचाराचे दुखणे कोठे आहे? साठलेला अनुभव कोणाचा, हा प्रश्न तो विचारत नाही. बर्कला उत्तर म्हणून टॉमस पेन याने मानवी हक्कांवर ग्रंथ लिहिला. तो पुण्यात जोतीराव फुले यांच्या हाती पडला आणि त्यांच्या विचाराला त्याने धार दिली. शूद्रातिशूद्रांच्या दृष्टीने परंपरेची ठेव म्हणजे सावकाराची वही होती. पिढ्यान्‌पिढ्या त्यात भर पडली ती कर्जाची.

बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण याहूनही बोलके आहे. धर्म हा समाजाचा पाया आहे, हे बर्कचे मत त्यांनी 1936 साली जातिनिर्मूलनावरील आपल्या लेखनात संमतीने उद्धृत केले. परंतु पाया इतका महत्त्वाचा असेल तर तो किडलेला ठेवून कसे चालेल, असा त्यांचा निष्कर्ष. विषमतेला पवित्र ठरविणारे धर्मनियम त्यांना नको होते. बर्कचेच गृहीतक घेऊन त्यांनी बर्कला न परवडणारा निर्णय काढला. महाडच्या चवदार तळ्यावर 1927 साली जे घडले, ते डागडुजीच्या भाषेत बसत नाही. तेथे रूढीनेच पाणी अडविले होते.

अलीकडच्या काळाने एक विचित्र उलटापालट केली आहे. हायेकने 1960 साली आपण पुराणमतवादी नाही असे स्पष्ट लिहिले, कारण मुक्त बाजार जुने काही जपत नाही. तरीही 1979 साली सत्तेवर आलेल्या मार्गारेट थॅचर यांनी हायेकचाच मार्ग धरला. खाणकामगारांचा 1984-85 चा संप मोडला, आणि पुढे खाणी बंद होत गेल्या तशा त्यांच्या आधाराने जगणाऱ्या वस्त्याही विस्कटल्या. शेजारधर्म, कामाचा अभिमान, संघटनेचे सभागृह, म्हणजे बर्कला प्रिय वाटावे असेच सारे, हुजूर पक्षाच्या राजवटीतच उद्ध्वस्त झाले.

भारतातही जपण्याची भाषा आज कामगार संघटनांच्या तोंडी आहे. केंद्राचे 29 कामगार कायदे गुंडाळून 2019 व 2020 साली चार संहिता संमत झाल्या. औद्योगिक संबंध संहितेने संपापूर्वीची चौदा दिवसांची नोटीस, जी पूर्वी सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरती होती, सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू केली. कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची अट शंभराऐवजी तीनशे कामगारांच्या कारखान्यांवर नेली. या बदलांविरुद्ध गेटसभेत बोलणारा कार्यकर्ता जेव्हा म्हणतो की 1947 चा औद्योगिक विवाद कायदा दीर्घ अनुभवातून तावून सुलाखून निघालेला आहे, तेव्हा तो नकळत बर्कचाच युक्तिवाद करीत असतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र तो युक्तिवाद करताना, त्या कायद्याच्या कक्षेत जे कधी आलेच नाहीत त्या शेतमजुराला आणि मोलकरणीला त्यातून काय मिळाले, याचेही उत्तर त्याला त्याच सभेत द्यावे लागेल.