ऱ्हाइनकाठची छायाचित्रे



माझी शाळा सातवीपाशी थांबली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा हा माणूस ऱ्हाइन नदीवर काय बोलणार, असे कुणाच्या मनात आले असल्यास नवल नाही. पण जिथे माणसाच्या हातांनी काही उभे केले आहे, तो विषय आमच्याच खात्यातला, असे मी समजतो.

ऱ्हाइन आल्प्स पर्वतात उगम पावते आणि सुमारे १,२३० किलोमीटर वाहून हॉलंडात समुद्राला मिळते. प्रवासी कॅमेरा सरसावतो तो मुख्यतः बिंगेन ते कोब्लेन्झ या सुमारे ६५ किलोमीटरांच्या घळईत. दोन्हीकडे उभे डोंगर, उतारावर द्राक्षांचे मळे, माथ्यावर किल्ले. युनेस्कोने २००२ साली ही घळई जागतिक वारशाच्या यादीत घातली. छायाचित्रे घेणाऱ्याने येथे एक साधा हिशेब ध्यानात ठेवावा. नदी ढोबळमानाने वायव्येकडे वाहते. म्हणून डाव्या तीरावरच्या किल्ल्यांवर सकाळी ऊन पडते, उजव्या तीरावरच्यांवर दुपारनंतर. १३२ मीटर उंचीचा लोरेलायचा प्रसिद्ध कडा उजव्या तीरावर आहे. त्याला कलत्या उन्हातच गाठावे.

चित्र सुंदर येते. पण त्यात काय आले, हे विचारायची खोड आम्हा चळवळीतल्या माणसांना असते. काउब गावापाशी ऐन पात्रात, जणू नांगर टाकलेल्या जहाजासारखा, एक चिमुकला किल्ला उभा आहे. तो लोभस दिसतो. पण ते होते जकातीचे ठाणे. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर पैसे उकळण्यासाठी ते बांधले. कोब्लेन्झजवळचा श्टोल्झेनफेल्स किल्ला पाहून आपण म्हणतो, वा, काय हे मध्ययुग! वास्तविक तो पडका किल्ला प्रशियाच्या युवराजाने एकोणिसाव्या शतकात नव्याने बांधून घेतला आणि १८४२ साली तिथे प्रवेश केला. म्हणजे आपण टिपतो ते पुष्कळदा मध्ययुग नसून मध्ययुगाची हौस असते.

आता कोलोनला या. तेथील कॅथेड्रलची पायाभरणी १२४८ सालची. सोळाव्या शतकात काम थांबले, १८४२ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८८० मध्ये १५७ मीटर उंचीचे मनोरे पुरे झाले. पलीकडच्या डॉइट्झ तीरावरून कॅथेड्रल आणि लोखंडी पूल एकाच चौकटीत बसतात. पण १९४५ ची छायाचित्रे पाहा. शहराचा मध्यभाग ढिगारा झालेला, कॅथेड्रल जखमी पण उभे, आणि पूल पाण्यात कोसळलेला. तो ६ मार्च १९४५ रोजी जर्मन सैन्याने माघार घेताना स्वतःच उडवला होता. आजही कॅथेड्रलच्या कुठल्या ना कुठल्या भागाला परांची बांधलेली दिसते. प्रवासी चरफडतात, ‘चित्र बिघडले!’ मला वाटते, चित्र तिथेच पुरे होते. त्या परांचीवर पाथरवट आहेत, म्हणून तर कॅथेड्रल उभे आहे.

याच कोलोनमध्ये ऑगस्ट झांडर नावाचा छायाचित्रकार राहत होता. जन्म १८७६, खाणीत काम करणाऱ्या सुताराचा मुलगा. लहानपणी स्वतःही खाणीत राबलेला. त्याने कारखानदार, शेतकरी, वकील, बेकार अशा सर्व थरांतल्या माणसांची छायाचित्रे सारख्याच आदराने घेतली. १९२८ साली त्याने एका बिगाऱ्याचे चित्र घेतले. मानेमागे फळी, फळीवर विटांची चळत, आणि नजर सरळ आपल्याकडे. त्या नजरेत ना लाचारी, ना विनवणी. १९२९ साली त्याच्या साठ छायाचित्रांचे पुस्तक निघाले. १९३६ साली नाझींनी त्याचे छपाईचे ठसे नष्ट केले. समाजवादी चळवळीतला त्याचा मुलगा एरिख १९३४ मध्ये पकडला गेला आणि दहा वर्षांची शिक्षा संपत आली असताना १९४४ मध्ये तुरुंगातच वारला. त्या काळात झांडर ऱ्हाइनची वळणे, डोंगर आणि आभाळ टिपत राहिला. माणसांचे चेहरे दाखवणे जेव्हा गुन्हा ठरते, तेव्हा नदीचे चित्रसुद्धा निव्वळ निसर्गचित्र राहत नाही.

मित्रहो, शेवटचे स्थळ सांगतो. ड्यूसबुर्ग शहरात ऱ्हाइनवर लोखंडी कमानीचा एक पूल आहे. शेजारच्या ऱ्हाइनहाउझेनचा पोलाद कारखाना बंद करण्याचा बेत १९८७ साली जाहीर झाला, तेव्हा डिसेंबरात कामगारांनी हा पूल अडवला. दुकानदार, विद्यार्थी, बायकामुले त्यांच्या पाठीशी उभी राहिली. १९८८ मध्ये पुलाला नाव मिळाले – एकजुटीचा पूल. कारखाना मात्र १९९३ साली बंद झालाच. लढा हरला म्हणायचा की जिंकला, याचा निवाडा मी करत नाही. आमच्या धंद्यात पुष्कळ हिशेब असेच अर्धे राहतात. भट्ट्या गेल्या, पण पुलावर नाव राहिले.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आपल्यापैकी कुणी त्या नदीकाठी गेलात तर किल्ले जरूर टिपा, कडा टिपा, कॅथेड्रल टिपा. एक छायाचित्र मात्र त्या पुलासाठी ठेवा. आणि परांचीवर माणूस दिसला, तर तो बाजूला होईपर्यंत थांबू नका.