आजारी मुलाचे ताट



कर्करोग झालेल्या मुलाच्या समाचाराला आपण जातो, तेव्हा हातात फळांची पिशवी असते आणि ओठांवर सल्ला: ‘दूध बंद करा, साखर तोडा, म्हणजे रोग आपोआप मरेल.’ हा सल्ला घातक आहे. उपासाने रोग मरत नाही; मूल मात्र खंगते.

मुलांत सर्वांत अधिक आढळतो तो रक्ताचा कर्करोग. त्यावर आज गुणकारी औषधे आहेत, पण ती फार तीव्र. रोगट पेशींबरोबर तोंडातील व आतड्यातील नाजूक अस्तरही त्यांच्या तडाख्यात सापडते. मग तोंड येते, मळमळते, अन्नाची चव जाते. अशक्त मुलाला जंतुसंसर्ग लवकर गाठतो आणि औषधाची पाळी पुढे ढकलावी लागते. अन्न औषधाची जागा घेत नाही; औषध सोसण्याचे बळ देते.

नुसत्या वजनावर विसंबू नये. पोटात मोठी गाठ असेल तर काटा फसवतो. म्हणून दंडाचा घेरही मोजतात.

तोंड आले असता तिखट-आंबट टाळून मऊ मूगखिचडी तूप घालून द्यावी. नाचणीची खीर, पूर्ण उकडलेले अंडे द्यावे. थोडे थोडे, पण वरचेवर. पांढऱ्या पेशी घटल्या असता शिळे, उघड्यावरचे व कच्चे वर्ज्य, पाणी उकळलेले. काढे-चूर्णे डॉक्टरांना विचारल्याविना देऊ नयेत. नाकातून नळीने अन्न देण्याचे ठरले, तर ते शेवटचे लक्षण समजून आईने धीर सोडू नये. तो पोट भरण्याचा एक मार्ग आहे, इतकेच.

पण परगावाहून मुंबईस आलेल्या आईने शिजवावे कोठे? परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. दूरदूरच्या खेड्यांतील मुले आजही तेथे येतात. अशा कुटुंबांना सेंट ज्यूड ही संस्था २००६ पासून निवारा देते आणि स्वयंपाकाची सोयही करते. २०१३ मध्ये सुरू झालेली कडल्स फाउंडेशन ही संस्था रुग्णालयांत आहारतज्ज्ञ नेमते व गरजू घरांना शिधा पुरविते. घरची चूल विझली तर उपचार अर्ध्यावर सुटण्याची भीती असते, हे ध्यानात घेऊनच हा शिधा आहे.

भगिनींनो, आपल्या मंडळाने एवढे तरी करावे. समाचाराला जाताना सल्ला घरी ठेवावा आणि त्या आईला विचारावे, ‘आहारतज्ज्ञांनी काय सांगितले आहे? ते आम्ही करून आणू.’