मधुमेह आणि उन्हाळ्यातील दुपारची शिदोरी

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मधुमेहाला ज्वारीची भाकरी कितीही चालते, हा समज आपल्याकडे पक्का आहे. तो बरोबर नाही. ज्वारीत तंतू आहेत, तरी पिष्टमय भाग मोठाच. ३ भाकऱ्या खाल्ल्या तर रक्तातील साखर वाढणारच. वजनही उतरवायचे असेल तर दुपारी एक मध्यम भाकरी घ्या आणि अर्धे ताट काकडी, टोमॅटो, पालेभाजीने भरा.

उन्हाळ्यात चुलीपुढे बसवत नाही. सकाळी भिजवलेली मटकी रात्री फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड येतात. ती वाफवून कांदा, कोथिंबीर, लिंबू घालावे; १०-१५ मिनिटांचे काम. सोबत बिनसाखरेचे पातळ ताक. रक्तदाब असल्यास मीठ बेताचे. रसवंतीचा ग्लास मात्र नकोच. आंबा? आमरस नको, एक-दोन फोडी खा आणि तेवढी भाकरी कमी करा.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेतल्यावर जेवण लांबवू नका. बांधावर हात थरथरले, दरदरून घाम आला, की आपण ऊन लागले म्हणतो. साखर फार उतरल्याचीही हीच लक्षणे! लगेच ३ लहान चमचे साखर पाण्यातून घ्या. १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच घ्या, मग जेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. भगिनींनो, साखरेची पुडी शिदोरीतच बांधत जा.