व्यवसायाची निवड : काही भ्रामक समजुती

(चांदूर बाजार येथे ज्ञातीतील गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींचा आपण गौरव केला, त्यांना पेढा देतानाच आपण विचारतो, ‘आता पुढे काय?’ आणि बहुधा उत्तरही आपणच देऊन टाकतो. त्या उत्तरांत दडलेल्या समजुतींविषयी चार शब्द बोलावे, असे मनात आहे.

पहिली समजूत अशी की, सरकारी नोकरी तेवढी खरी; बाकी सारे पोटापुरते. स्पर्धा परीक्षांना बसणारे लाखो आणि जागा मोजक्या, हे आपण पाहतोच. परीक्षा अवश्य द्यावी. परंतु ती किती वर्षे द्यावयाची हे आधी ठरवावे आणि हाताशी दुसरे काम असू द्यावे.

दुसरी समजूत अशी की, हुशारास पुस्तक आणि मंदास हत्यार. येथे मला माझाच दोष सांगितला पाहिजे. माझा एक विद्यार्थी विहिरीवरचे इंजिन खोलून पुन्हा जोडीत असे. त्याच्या वडिलांना मीच सांगितले, ‘आधी पदवी होऊ द्या, पाना मग धरेल.’ मुलगा दोनदा नापास झाला. वडिलांनी शेताचा तुकडा गहाण टाकला. अखेर तो औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत गेला. आज तो ओलिताच्या मोटारी दुरुस्त करतो आणि इतर दोघांना काम देतो. तो मला वाकून नमस्कार करतो, तेव्हा मान माझीच खाली जाते.

तिसरी समजूत अशी की, शिकलेल्याचा मातीशी संबंध सुटावा. आपल्याच जिल्ह्यातील पापळ गावी 1898 साली जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख विलायतेत वेदवाङ्मयाचा अभ्यास करून डॉक्टर झाले, बॅरिस्टरही झाले. परंतु 1932 साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली आणि 1952 ते 1962 या काळात देशाचे कृषिखाते सांभाळले. पदवीने त्यांना शेतकऱ्यापासून दूर नेले नाही. उलट त्याच्याकरिता बोलण्याचे बळ दिले.

चौथी समजूत, खेळाने पोट भरत नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली आखाड्यातून उभे राहिले. आज तेथून शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार होऊन बाहेर पडतात. आणि मुलीचे शिक्षण लग्नापुरते, ही समजूत तर आता सोडूनच द्यावी. संकट आले म्हणजे कित्येक घरे तिच्याच मिळकतीवर उभी राहतात.

पालकांस एकच विनंती. निर्णय करण्यापूर्वी पाल्यास ते काम प्रत्यक्ष करणाऱ्या माणसाजवळ आठ दिवस बसवा. त्यातील श्रम, उत्पन्न आणि अडचणी त्यास डोळ्यांनी पाहू द्या. मग त्याचे म्हणणे ऐका. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न सर्वांच्या शेवटी विचारा. कारण गहाण पडलेले शेत सोडवावयास लोक येत नाहीत.