लुईजीचा डाव

1994 साली मी बी. ए. होऊन घरी बसलो होतो. धाकटा भाऊ तेरा वर्षांचा. कोपऱ्यावरच्या दुकानातून आम्ही दिवसाच्या भाड्यानं टीव्ही गेम आणायचो. मूळ यंत्र निन्टेंडोचं, जपानमध्ये 1983 साली आलेलं; आमची त्याची स्वस्त नक्कल. कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची. फुंकरीच्या ओलाव्यानं आतला धातू खराब होतो, हे फार उशिरा कळलं.

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा 1985चा खेळ जेमतेम 40 किलोबाइटांत बसवलेला. त्यातला ढग आणि झुडूप म्हणजे एकच चित्र, फक्त रंग वेगळा. शेर लिहिणाऱ्याला ही काटकसर आवडणारच!

दोघांना एकदम खेळता येत नसे. मारिओ मेला की लुईजीचा डाव. थोरला म्हणून मारिओ कायम माझा. भाऊ रिमोट धरून म्हणायचा, "भाईजान, मरो ना जल्दी!" अम्मी त्याला रागवायची.

2016 साली हाच खेळ तळहाताएवढ्या यंत्रात परत आला, आणखी 29 खेळांसोबत. 2018मध्ये भावाच्या मेहुण्यांनी ते दुबईहून आणलं. फुरसतीनं बसू म्हणत कपाटावरच राहिलं. 2021 साली भाऊ करोनात गेला.

आता त्यात खेळ मध्येच थांबवून जपून ठेवता येतो. मी तसं करत नाही. दोघांचा डाव लावतो आणि पहिल्याच खड्ड्यात मारिओला उतरवतो. दुसरा रिमोट भावाच्या मुलाकडे असतो. तो कुरकुरतो. त्यालाही मारिओच हवा असतो.