मगरीच्या काठी मुक्काम



मगर पाहिली नाही असा माणूस या मंडपात शोधूनच काढावा लागेल. औदुंबर, भिलवडी, आमणापूर, ब्रह्मनाळ, डिग्रज या कृष्णाकाठच्या पट्ट्यात मगर ही बातमी नाही, शेजार आहे. थंडीत सकाळी पलीकडच्या मळीवर ती ऊन खात पडलेली असते आणि अलीकडच्या काठावर आपली माणसं मोटर चालू करायला, वैरण कापायला, म्हशी धुवायला उतरत असतात. त्यामुळे मगर म्हणजे काय, हे तुम्हाला शिकवायला मी उभा नाही. माझा विषय त्याहून लहान आहे. जिथं मगरीचा वावर आहे अशा पाण्याजवळ रात्रीचा मुक्काम करायचा झाला, तर माणसानं वागायचं कसं?

हा प्रश्न आता वाढत चालला आहे. सुट्टी लागली की तंबू घेऊन नदीकाठी जायची हौस आपल्याकडे चांगलीच रुजली. दांडेलीला काळी नदीच्या काठावर कोल्हापूर-पुण्याकडून गाड्या भरभरून मंडळी जातात, आणि काळी नदीत मगरी भरपूर आहेत. चिपळूणची वाशिष्ठी, महाडची सावित्री, या नद्यांतही त्या आहेत. हौसेला माझी ना नाही. मुलांनी नदी पाहावी, रात्रीचं आभाळ पाहावं, असं मला मनापासून वाटतं. पण मुक्कामाला येणारा दोन दिवसांनी निघून जातो आणि काठावरचं गाव तिथंच राहतं. पाहुण्यानं केलेली चूक बहुतेक वेळा पाहुण्याला भोवत नाही, ती त्या गावाला भोवते. आज जे बोलायचं आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी.

आधी तिची रीत समजून घेऊ. आपली मगर मुख्यतः गोड्या पाण्यातली, पण गोव्यात कुंभारजुव्याच्या मचूळ कालव्यातही तिची वस्ती आहे.  तिचं अंग बाहेरच्या उन्हा-थंडीप्रमाणे तापतं आणि निवतं. आपल्यासारखी अंगातली ऊब टिकवायला तिला रोज खावं लागत नाही. एकदा पोटभर मिळालं की ती कितीतरी दिवस उपाशी राहू शकते. म्हणून तिला धावपळ करायची गरज नसते. वाट पाहणं हाच तिचा उद्योग. आणि वाट कुठं पाहायची? जिथं भक्ष्य पुन्हा पुन्हा, त्याच जागी, त्याच वेळी पाण्याशी येतं तिथं. मग ते हरीण असो, कुत्रं असो, नाहीतर रोज संध्याकाळी त्याच दगडावर भांडी घासणारं माणूस असो.

तिच्या जबड्यावर नीट पाहिलं तर बारीक काळे ठिपके दिसतात. ते नुसते ठिपके नाहीत, स्पर्शाची इंद्रियं आहेत. 2002 साली डॅफ्नी सोअरेस या संशोधिकेनं अमेरिकेतल्या अ‍ॅलिगेटरांवर, म्हणजे आपल्या मगरीच्या चुलत घराण्यावर, याचा अभ्यास केला. मिट्ट काळोखात, अर्धवट पाण्यात असलेल्या त्या जनावराजवळ पाण्याचा एक थेंब पडला तरी ते त्या दिशेला वळत होतं. डोळ्यांचा उपयोग नाही, कानांचा नाही, नुसत्या तरंगावरून. मगरीच्या कुळातल्या सगळ्यांच्या तोंडावर ही इंद्रियं असतात. आता रात्री दहा वाजता काठावर वाकून हंडा बुडवणाऱ्या माणसाचा विचार करा. त्याला समोर काळं पाणी दिसतं. पाण्यातल्या मगरीला तो माणूस कुठं आहे ते नेमकं कळलेलं असतं.

म्हणून पहिला नियम पाण्याचा. लागेल तेवढं पाणी दिवसाउजेडी भरून ठेवायचं. काठावर बसून भरायचं नाही, दोर बांधलेली बादली उंचावरून टाकून ओढायची. त्यातही दर वेळी तीच जागा धरायची नाही. गावात नळ असेल तर तिथूनच पाणी आणावं, चार पावलं जास्त चालावं लागलं तरी. तोंड धुणं, भांडी, आंघोळ, सगळं वर, तंबूपाशी. मगर काठावर झेप टाकते ती थोड्याच अंतरापर्यंत. सगळ्यात जास्त धोका काठालगतच्या त्या चिंचोळ्या पट्टीत साठलेला असतो, आणि शिबिराला आलेल्या माणसाला नेमकी तीच पट्टी ओढ लावते. पाय पाण्यात सोडून बसायला, फोटो काढायला, दात घासायला.

तंबू कुठं ठोकायचा? ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये खाऱ्या पाण्यातली मगर आहे, ती आपल्या मगरीपेक्षा मोठी आणि जास्त आक्रमक. तिथं सरकारची सूचना अशी: पाण्यापासून निदान 50 मीटर दूर आणि पाणी चढतं त्या सर्वांत वरच्या खुणेपेक्षा निदान 2 मीटर उंच. आपण तोच हिशोब धरावा, त्यात काही तोटा नाही. आपल्याकडे उंचीला आणखी एक कारण आहे. धरणातून पाणी सोडलं की नदीचं पात्र बघता बघता भरतं. वाळूत, पात्राच्या आत तंबू ठोकणं हे मगर नसतानाही वेडेपणाचं आहे.

जागा धरण्याआधी काठाचं निरीक्षण करा, पण वरून, खाली न उतरता. मगर जिथून नेहमी चढते-उतरते तिथं चिखल गुळगुळीत झालेला असतो, गाळाचं पोतं ओढत नेल्यासारखा. घसरणीच्या मधोमध शेपटीची एक रेघ असते, कधी सरळ, कधी नागमोडी. दोन्ही बाजूंना पावलं. पुढच्या पायाला पाच बोटं, मागच्याला चार, आणि मागचं पाऊल मोठं, बोटांमध्ये पडदा असलेलं. कडेचं गवत पाण्याच्या दिशेनं लोळलेलं असतं. वाळून पांढरी पडलेली विष्ठा दिसली, त्यात केस, खवले दिसले, तर शंकाच नको. अशी घसरण दिसली की फोटोसाठी जवळ जाऊ नका. ती तिची वहिवाटीची वाट आहे, आणि ती याच क्षणी समोरच्या पाण्यात असू शकते. खुणा नाहीत म्हणून मगर नाही असंही समजू नका. गावातल्या माणसाला विचारा. ज्याची मोटर नदीवर आहे त्याला विचारा, कारण फूटव्हॉल्व्ह साफ करायला पाण्यात उतरणाऱ्याइतकं या नदीचं ज्ञान दुसऱ्या कुणाला नसतं.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण ती फार जणांना ठाऊक नसते. आपली मगर उन्हाळ्याच्या तोंडाशी अंडी घालते, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. पाण्यापासून थोडं वर, वाळूच्या किंवा मातीच्या उतारावर मागच्या पायांनी खड्डा खणते आणि त्यात पंचवीस-तीस अंडी घालून बुजवते. त्या अंड्यांतून नर निघायचे की माद्या, हे खड्ड्यातल्या उबेवर ठरतं. दोनेक महिन्यांनी पिलं आतून आवाज करू लागली की आई येऊन माती उकरते आणि पिलांना तोंडात धरून पाण्यात नेऊन सोडते. ज्या जबड्यात म्हशीचा पाय अडकला तर सुटत नाही, त्या जबड्यात ती हातभरही नसलेली पिलं अलगद नेली जातात. मधले हे दोन महिने ती खड्ड्याच्या आसपास असते आणि एरवी माणसाला पाहून पाण्यात सरकणारी ही मगर तेव्हा सरकत नाही, सामोरी येते. आणि आपली शिबिरं कधी भरतात? परीक्षा संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये. मऊ वाळूचा, ऊन लागणारा, छान उतार तिला हवा असतो आणि आपल्यालाही. म्हणून उन्हाळ्यात वाळूच्या उताराच्या वाटेला जाऊ नये, आणि मे-जूनमध्ये पिलांचा चिवचिवाट ऐकू आला तर मुलांना घेऊन तिथून ताबडतोब मागं फिरावं.

आता खाण्याचं. शिबिरात रात्री कोंबडी शिजते, मासे भाजले जातात. हाडं, आतडी, खरकटं नदीत टाकलं की झालं, असं आपल्याला वाटतं. पुढं काय होतं? पहिल्या रात्री मासे येतात, कुत्री येतात. चार-दोनदा तसं झालं की मगर येते. मग तिच्या ध्यानात राहतं की इथं उजेड दिसला, माणसांचा आवाज आला की खायला मिळतं. माणसाची भीती हे मगरीच्या शेजारी राहणाऱ्याचं सगळ्यात मोठं संरक्षण आहे, आणि ते आपण आपल्या हातानं काढून घेतो. दुसऱ्या आठवड्यात शिबिर नसतं, मगर मात्र असते. त्या काठावर मग पहाटे कोण येतं? धुणं घेऊन एखादी बाई येते. तिला काय माहीत की शनिवारी इथं कुणी काय टाकलं.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात दहा लाखांहून अधिक अ‍ॅलिगेटर आहेत. 1967 साली ते नामशेष होण्याच्या यादीत होते, 1987 साली त्या यादीतून बाहेर आले, इतकं चांगलं संरक्षण मिळालं. तिथं अ‍ॅलिगेटरला खायला घालणं हा गुन्हा आहे, कारण खाणं आणि माणूस यांची सांगड त्याच्या डोक्यात बसली की तो धोकादायक होतो आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं. आपल्यापैकी काहींची मुलं तिकडे, टॅम्पा-ऑर्लँडोकडे आहेत. तुम्ही उन्हाळ्यात त्यांच्याकडे जाता. घराशेजारच्या तळ्याकाठी संध्याकाळी फिरताना नातवाचा हात सोडू नका आणि कुत्रं मोकळं ठेवू नका. तिथलं कुठलंही गोडं पाणी रिकामं समजू नये. 2016 साली ऑर्लँडोजवळच्या एका मोठ्या पर्यटनस्थळी, कृत्रिम तळ्याच्या उथळ काठावर खेळणारं दोन वर्षांचं मूल अ‍ॅलिगेटरच्या तोंडी गेलं. आईवडील शेजारी होते.

कुत्र्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. 2023 साली सावित्री नदीतल्या मगरींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भटक्या कुत्र्यांच्या टोळीला घाबरून एक कुत्रं पाण्यात शिरलं, आणि जवळ असलेल्या मगरींनी त्याला न खाता तोंडानं ढकलत काठाकडे नेलं, असं त्यात नोंदलं आहे. अभ्यासकांनी पाहिलं ते लिहिलं आणि ते विलक्षण आहे. मगरीच्या मनात काय चालतं हे आपल्याला फार थोडं कळतं, याचाच हा पुरावा. पण त्यावरून मगर दयाळू असते असा निष्कर्ष काढून कुणी पाण्यात उतरू नये. शिबिरात कुत्रं नेऊ नका, कारण मगरीच्या लेखी ते नेहमीचं भक्ष्य आहे आणि त्याच्यामागे मूल धावतं.

रात्री विजेरी वापरायची तर ती कपाळापाशी, डोळ्यांच्या रेषेत धरा. मगरीच्या डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो, उजेड आला त्याच दिशेनं परत जातो. कमरेपाशी धरलेल्या विजेरीत काही दिसणार नाही. डोळ्यांच्या रेषेत धरली तर पाण्यावर निखाऱ्यासारखा ठिपका चमकतो. मगर जमिनीवर आली तर नागमोडी पळा असा सल्ला मोबाइलवर फिरत असतो, त्याला काही आधार नाही. सरळ, पाण्यापासून दूर पळा. जमिनीवर तिचा वेग थोड्या अंतरापुरताच असतो.

आणि धरलंच तर? हिसका देऊन सुटका होत नाही, पण गप्पही राहायचं नाही. डोळ्यांत बोटं घालायची, नाकपुड्यांवर मारायचं, हातात येईल त्यानं मारायचं. तिनं पकड बदलायला जबडा सैल केला तर तेवढीच संधी असते. काठावरच्यांनी पाण्यात उड्या टाकू नयेत, बांबू आणि दोर द्यावा. जखम लहान दिसली तरी स्वच्छ कापड दाबून धरून थेट दवाखाना गाठायचा, कारण तिच्या दातांची जखम खोल असते आणि सहज चिघळते. वन विभागाचा मदत क्रमांक 1926 आहे, तो शिबिराच्या आधीच मोबाइलमध्ये ठेवा.

एक चिठ्ठी आली आहे. ‘मगरी पकडून दुसरीकडे का सोडत नाहीत?’ प्रश्न रागाचा नाही, भीतीचा आहे, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना तो विचारायचा पूर्ण हक्क आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मगरीला पहिल्या परिशिष्टातलं संरक्षण आहे, हे एक. पण कायदा बाजूला ठेवला तरी उपाय चालत नाही. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातली एक मगर हेलिकॉप्टरनं दूर नेऊन सोडली होती. ती 400 किलोमीटरहून जास्त पोहत आपल्या जागी परतली. आणि समजा एखादी परतली नाही, तरी तिची जागा दुसरी घेते. चटावलेली, वारंवार वस्तीत येणारी मगर हलवावी लागते, ते वन विभागाचं काम आहे. सगळी नदी मात्र रिकामी करता येत नाही.

करता येण्यासारखं एक काम आहे आणि ते आपल्या आवाक्यातलं आहे. श्रीलंकेत निलवला नदीकाठी लोक आंघोळीच्या जागेभोवती पाण्यात कुंपण घालतात. ओडिशात भितरकनिकाच्या परिसरातही घाटांना असं कुंपण केलं आहे. आपल्या प्रत्येक गावात धुण्याचा एक तरी घाट असा बंदिस्त हवा. लोखंडी जाळी तळापर्यंत रोवलेली, पाण्याच्या वर पुरुषभर, तिन्ही बाजूंनी. दर पुरानंतर तिची तपासणी, कारण खालची माती वाहून गेली की फट पडते, आणि अर्धवट कुंपण नसलेल्यापेक्षा वाईट, त्याच्या भरवशावर माणसं निर्धास्त होतात. शिबिरं घेणाऱ्या संस्था काठावरच्या गावाकडून जागा, पाणी, वाट सगळं घेतात. त्यांनी या कुंपणाच्या खर्चात वाटा उचलावा, अशी माझी जाहीर मागणी आहे. इथं काही सरपंच बसले आहेत. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव कसा मांडायचा, त्याचा कच्चा मसुदा मी आणला आहे. सभा संपल्यावर तो टेबलावर ठेवतो, ज्यांना हवा त्यांनी घेऊन जावा. बाकीच्या चिठ्ठ्या आता घेऊ.